सिदूच्या भोवऱ्यातलं शिसं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडूनसुद्धा नाही — देवापुढे तर मुळीच नाही, का ते कळेलच पुढे. आणि आता सांगायला बसले तर सुरुवातच अशी की तुम्ही हसाल. भोवऱ्याची गोष्ट आहे. पोरांच्या खेळण्यातल्या भोवऱ्याची. हसा, हसून घ्या. मी पण इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आले — अगं बाई, एका खेळण्याचं काय घेऊन बसलीस?

आमचं घर सुर्ल्याला. बाबांचा खनिजाचा ट्रक होता. घरात आईबाबा, मी, आणि माझी काकी आणि तिचा मुलगा सिद्धेश — आमचा सिदू. काका गेले तेव्हा सिदू अंगावर पीत होता, तेव्हापासून दोघं आमच्याकडेच. काकी मूळची कोरगावची, शेवटपर्यंत तिकडचंच बोलली. आमचं स्वयंपाकघर तिचं होतं असं मी म्हणायची. म्हणजे राबणं तिचं होतं, कपाटाच्या चाव्या आईकडे होत्या. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणू का? कळत होतं. पोरांना सगळं कळतं.

तर भोवरे. दोरीचे नव्हेत. टीव्हीवरच्या कार्टूनमुळे ते लढाईचे भोवरे आले होते बघा — वर प्लॅस्टिकचं झाकण, मध्ये धातूची चकती, खाली टोक. दातेरी पट्टी ओढून सोडायचे. आम्ही खाणीवरचं जुनं घमेलं मैदान म्हणून वापरायचो. दोघांनी त्यात सोडायचे, टकाटक आपटायचे एकमेकांवर, आणि ज्याचा शेवटपर्यंत फिरेल तो जिंकला. बाबांनी म्हापशाच्या बाजारातून दोघांना एकसारखे दोन आणले होते, भांडण नको म्हणून. काय उपयोग? भांडायला निमित्त लागतं होय!

झाकणाचा रंग सोडला तर एकसारखे दिसायचे, पण होते वेगळे. हे सिदूने शोधलं. चकतीच्या खालच्या बाजूला साच्यातूनच उमटलेला एक बारीक आकडा होता. त्याच्या चकतीवर तीन, माझ्या चकतीवर सात. म्हणजे साचे वेगळे, आणि साचे वेगळे म्हणून वजनाची वाटणी वेगळी. तो चकतीच्या भोकात बुचाचा तुकडा बसवायचा आणि ती दाभणाच्या टोकावर ठेवायचा. जी बाजू खाली झुकेल ती जड. तिथे आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. मग झाकणाची जड बाजू शोधायची आणि ती त्या ठिपक्याच्या बरोबर समोर आणून बसवायची. तोल साधला की भोवरा डुगडुगत नाही, उभाच्या उभा फिरतो. नेलपॉलिशचा थर जाड झाला तरी फरक पडतो म्हणून तो काडीच्या टोकाने ठिपका द्यायचा. मला सगळं शिकवलं त्याने. "तुझ्या चकतीक पण ठिपको देवया," म्हणाला होता. मला कुठला धीर? मी म्हटलं, जा रे, सोनार मोठा!

तोच जिंकायचा. नेहमी. आणि बाबा ट्रक लावून आले की पायरीवर बसून आमची लढाई बघायचे आणि त्याच्या पाठीवर थाप मारून, काकांच्या आठवणीने, म्हणायचे, "बापाचो हात घेवन इलो हा ह्यो." एवढंच. मला कधी काही वाईट बोलले नाहीत. पण ती थाप — तिचा आवाज मला लागायचा. बाप माझा ना? मग थाप त्याला का? इतकी साधी गोष्ट आहे हो. ती कारण म्हणून सांगत नाहीये. झालं ते असं झालं, एवढंच सांगतेय.

त्या चवथीला वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीत मंडळाच्या पोरांनी फुगडी आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या सजावटीच्या, स्पर्धेबरोबर या भोवऱ्यांचीही स्पर्धा ठेवली. सगळी पोरं वेडी झाली. मी काय केलं? मागच्या पडवीत बाबांचं पाग टांगलेलं असायचं, मासे धरायचं फेकजाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. त्यातला एक मी कापला, वरवंट्याने चेचून पत्र्यासारखा केला, आणि माझ्या चकतीच्या खाली गमने चिकटवला. कुठे? हलक्या बाजूला. दाभणावर तोलून, सिदूने शिकवलं होतं अगदी तसं. त्या शिशाखाली तो साताचा आकडा झाकला गेला. मला त्याचं काही वाटलं नाही तेव्हा.

भोवरा असा फिरला म्हणता! माझ्यापेक्षा मोठ्या पोरांचे भोवरे घमेल्याबाहेर उडाले. शेवटच्या लढतीत मी आणि सिदू. पण हरलेल्यांपैकी एकजण ओरडायला लागला, "हिच्या भोवऱ्यात कायतरी आसा!" मंडळाचे लोक म्हणाले, ठीक, आरती होऊ दे, मग दोघांचेही उघडू आणि सोनाराच्या काट्यावर घालू. भोवरे आमच्या डबीत, डबी मंडपामागच्या बाकावर. आरतीला सगळे पुढे गेले. सिदू झांज वाजवत होता. मी मागे गेले.

बघा, अजून टाळतेय. सांगते.

चकत्या बदलल्या मी. शिशाची माझी चकती त्याच्या भोवऱ्यात, त्याची माझ्यात. डबीतच नेलपॉलिशची बाटली होती — त्याच्या चकतीवरचा लाल ठिपका नखाने खरवडून काढला आणि माझ्या चकतीवर तसाच काढला. त्यावर फुंकर घालत होते, लवकर वाळावा म्हणून. पुढे आरती चाललेली, मी मागे फुंकतेय. कुठे गडबड झाली का? नाही. एवढं सुबक काम मी आयुष्यात पुन्हा केलं नसेल.

माझा भोवरा साफ निघाला. सिदूचा काट्यावर जड. उलटा केला तर शिसं. एकाने चाकूने ते उचकटलं आणि खालचा आकडा वर आला. कुणाला त्या आकड्याचं काय? पण सिदूने पाहिला. सात. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं संपलं, आता बोलणार. तो फक्त म्हणाला, "मी नाय केला." माझं नाव नाही घेतलं. कसं घेणार होता? ज्या घरात त्याची आई भांडी घासते त्या घरच्या मुलीचं नाव?

बाबांनी शिसं हातात घेतलं आणि ओळखलं. पागाचं. पाग घेऊन त्यांच्याबरोबर नदीवर जायचा तो सिदूच, मी नव्हे. बाबांनी हात उगारला नाही. सगळ्यांच्या देखत एवढंच म्हणाले की खाल्ल्या घरात हात घातलास. काकी तिथे प्रसादाचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझो झील खोटो नाय. देवाक विचारूया."

आमच्याकडे कौल लावतात, ठाऊक असेल तुम्हाला. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पण ते शेताच्या वादाला, लग्नाला, आजाराला. पोराच्या भोवऱ्यासाठी कुणी कौल लावतं का? बाबा म्हणाले, वहिनी, सोडून दे, पोर आहे, चुकलं. काकी ऐकेना. घास घेईना. तिला माफी नकोच होती, तिला तिचा मुलगा खरा आहे हे देवाच्या तोंडून ऐकायचं होतं. इतकी खात्री होती तिला त्याची! शेवटी विसर्जन झाल्यावर आम्ही सगळे देवळात गेलो.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं — ह्या लेकरान खोटां केला नसात तर उजवो दी म्हाराजा. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले. आणि मनात काय म्हणत होते सांगू? डावी दे. देवा, डावी दे. डोळे मिटून, हात जोडून, जन्मात कधी केली नाही इतकी मनापासून प्रार्थना केली मी.

डावी पडली.

देवाने माझं ऐकलं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. आता वाटतं, ओली पाकळी ती, कधीतरी पडणारच, ही नाहीतर ती. देवाला मी नाव ठेवत नाही. त्याला विचारायची वेळ आणली कोणी?

काकी रडली नाही. सिदू "आई, आई" करत तिचा पदर धरू लागला तेव्हा तिने पदर सोडवून घेतला. तो पदर सोडवून घेतलेला मी पाहिलाय. त्याला तिने कोरगावला मामाकडे ठेवलं, शिकायला म्हणून. ती आमच्याकडेच राहिली, राबत राहिली, वर बाबांच्या उपकारांची भाषा करत राहिली. माया केली नाही असं नाही. त्याला लाडू पाठवायची, स्वेटर पाठवायची. पण त्याच्या शब्दावरचा तिचा भरवसा गेला तो गेला. पुढे तो आखातात नोकरीला लागला. तिथली कंपनी बंद पडली आणि त्याची नोकरी गेली, तेव्हा त्याने फोन केला. काकी म्हणाली, "खरां काय तां सांग. काय केलंस तू?" मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते.

आणि माझं? माझं छान झालं. माझं लग्न काकीनेच जमवलं, तिच्या कुळारात, म्हणजे माहेरी, कोरगावला. "माझां चेडू माझ्या गावात दिलां," म्हणून, जणू मी तिचीच मुलगी, मिरवायची. काजूच्या हंगामात कोरगावला आली की मला हाताला धरून सगळ्या वाड्यात फिरवायची. तुम्ही म्हणाल, तेव्हा का नाही सांगितलंस? किती वेळा तोंड उघडलं असेल मी. मग वाटायचं, आता काय, जुनं झालं. मग वाटायचं, तिला झेपेल का? तिला झेपेल का! माझी मीच लबाडी करत होते. मला माझी जागा जायला नको होती तिच्या मनातली. मी तिचं चेडू, आणि चेडू खरं बोलणारं.

काकी आजारी पडली तेव्हा तिला तिच्या भावाने कोरगावला नेलं. माझं घर जवळच, म्हणून रोज पेज घेऊन जायचे. सिदूला कळवलं होतं, तो निघायच्या खटपटीत होता. एक दिवस मी चमच्याने भरवत असताना तिने माझा हात धरला. अंगात ताकद नव्हती, पण धरला घट्ट. म्हणाली, "गो, तू त्या दिसा थंय होतंस. तुमी दोगां एकत्र खेळात होतात. माझ्या झिलान केला तां?"

इतक्या वर्षांनी. देवाने सांगितल्यावरही. तिला अजून विचारायचं होतं — आणि देवाला नव्हे, मला.

एक शब्द पुरला असता. नाय. त्याच्या पुढचं, मी केलं, हेसुद्धा सांगायची गरज नव्हती. नुसतं 'नाय, काकी' म्हटलं असतं तरी त्या बाईला तिचा मुलगा परत मिळाला असता. आता मी लहान नव्हते. बाबांची थाप नव्हती, कुणाची भीती नव्हती. खोलीत आम्ही दोघीच.

मी म्हटलं, "देवानं सांगितलंच की गो, काकी."

तिने हात सोडला. "व्हय," म्हणाली, "देवान सांगला." आणि राहिलेली पेज नको म्हणाली.

सिदू पोचला तोवर ती गेली होती. क्रिया त्यानेच केली. बाराव्याला माणसं जेवून पांगली, मी मागीलदारी भांडी आवरत होते, तेव्हा तो येऊन उभा राहिला. डोकं तासलेलं, अंगावर नवा पंचा. फोटोतल्या काकांसारखा दिसत होता. त्या स्पर्धेनंतर आम्ही त्याविषयी एक अक्षर बोललो नव्हतो. मला वाटायचं तो विसरला असेल. खरं सांगायचं तर, विसरला असेल असं मी धरून चालले होते.

त्याने विचारलं, "तिका सांगलंस?"

रागाने नव्हे. किती साधेपणाने विचारलं त्याने! म्हणजे एवढी वर्षं तो वाट बघत होता. मी कधी ना कधी सांगेन, तिच्या शेवटाला तरी सांगेन, असं धरून तो तिकडे परदेशात राहिला होता.

मी म्हटलं, "नाय."

त्याने मान हलवली आणि आईच्या फोटोपुढचा दिवा विझत होता, त्यात तेल घालायला आत गेला.