गाण्यामागचा खोकला

माझा आवडता गायक गाणी स्वतः लिहितो आणि घरीच रेकॉर्ड करतो. त्याच्या प्रत्येक अल्बममध्ये गिटारमागे कुठेतरी त्याची आई खोकते, आणि तो ते कधीच काढून टाकत नाही.

आज सकाळी नवा अल्बम आला. गाणी सुरेख आहेत, पण खोकला नाही. हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, तरी नाही.

बायको म्हणाली, "अहो, स्टुडिओत केला असेल. बरंच की."

असेलही. ज्याची आपली ओळखदेख नाही, त्याच्या घरची काळजी आपण का वाहावी? पण चहा तसाच निवला. शेवटी जुना अल्बम लावला. दुसऱ्या कडव्यानंतर ती माउली खोकली आणि माझ्या जीवात जीव आला.

मग लक्षात आलं, हा खोकला जुना आहे.