न्हावऱ्याच्या चित्रातले हात

जुनी तैलचित्रं दुरुस्त करणं हे माझं काम. मैत्रीण शबाना म्हणाली, आमच्या गावी, न्हावऱ्याला, अब्बांकडचं चित्र एकदा बघून जा, पुढचा पावसाळा ते काढेल असं वाटत नाही. शनिवारी सकाळीच मी गाडी काढली.

सोलापूर रस्त्यानं जाणार असाल तर यवतलाच मिसळ खाऊन घ्या. पुढे धड काही मिळेल याचा भरवसा नाही. चौफुल्याला डावीकडे वळून केडगाव ओलांडलं, की उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जावं लागतं. भीमेच्या पुलावरून पाणी दिसलंच नाही, नुसती जलपर्णी. आभाळही मळकट होतं.

शबानाचे वडील मुनीरचाचा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी आतल्या खोलीतला दिवा लावला. दाराएवढं चित्र. एका छोट्या संस्थानाचा राजा. निळा लष्करी कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर पदकं, दोन्ही हात तलवारीच्या मुठीवर. मागे मखमली पडदा. रणांगण कुठेच नाही. इंग्रजांनी ज्याची लढाई काढून घेतली, त्यानं लढाईचा पोशाख चढवलेला. डोळ्यांत रुबाबापेक्षा कंटाळाच जास्त. चित्रकाराला तो दिसला असावा.

हात मात्र त्या गुबगुबीत चेहऱ्याचे वाटेनात. रापलेले, जाड पेरांचे. मी तसं म्हटलं.

"आमच्या आजाचं हात हायत ते," चाचा म्हणाले.

आजोबा त्या राजाच्या घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार. राजा चेहऱ्यापुरता बसला आणि वैतागून उठला. मग चित्रकारानं त्याचा कोट मोतद्दाराच्या अंगावर चढवून त्याला उभं केलं. राजाला ते हात खपले नाहीत. त्यानं दुसरं चित्र काढवून घेतलं आणि हे आजोबांच्या घरी आलं. आजोबांचा फोटो कधी निघालाच नाही. लहानपणी चाचा स्टुलावर चढून आपला पंजा त्या पंजावर ठेवून बघायचे.

भिंतीची ओल खालून चढली होती. मी मऊ ब्रश जेमतेम टेकवला, तर रंगाची खपली त्यावर आली. एक हात जवळपास गेलेला, दुसऱ्याचा रंग कापडापासून सुटलेला. सांगणं भाग होतं: चेहरा वाचेल, हात नव्यानं रंगवावे लागतील.

चाचांनी विचारलं, "नवं काढल्यावर ते कुणाचं हात व्हतील?"

मी ब्रशवरची ती खपली कागदाच्या पुडीत ठेवली.

"मग न्हाई. ऱ्हाऊ द्या."

शबानानं बाजरीची भाकरी आणि मटण वाढलं. चित्र निदान कोरड्या भिंतीवर हलवा, एवढं सांगून, फोटो काढून मी निघाले. चौफुल्याला चहासाठी थांबायचं ठरवलं होतं, थांबले नाही.

घरी आल्यावर हातांचा फोटो मोठा छापून पाठवला. शबानानं कळवलं, चाचांनी त्यावरून बोटं फिरवली आणि ते म्हणाले, गुळगुळीत लागतंय.

पावसाळा सरता सरता शबानाचा फोन आला. उरलेला हातही गळून पडला होता. अब्बांनी चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. का, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, "आता त्यात राजाच उरलाय."