नाक राहिलंय!

केझाया ट्रॉटच्या पायाला भिंगरी होती. इंग्लंडहून दूरच्या बेटावरल्या होबार्ट बंदराला येताना जहाजावरच्या एका म्हाताऱ्यानं तिला काळ्या कागदातून माणसाचा चेहरा कापायला शिकवलं. बाजूनं दिसणारं कपाळ, नाक, हनुवटी. पेन्सिल नाही, रेघ नाही, नुसती कात्री. होबार्टला तिची मोलकरणीची नोकरी ठरलेली होती. ती तिनं पंधरवड्यात सोडली आणि बेटभर हिंडू लागली. मेंढ्यांची कुरणं, खाणावळी, घोड्यांच्या शर्यती. चेहऱ्याला एक शिलिंग, नाहीतर मटणाचा रस्सा आणि पाव. गिऱ्हाइकाला दुसरी हनुवटी असली तर ती सरळ उडवी. "दिली देवानं, पण पैसे तुम्ही देताय!" म्हणायची.

रॉस गावात इनॉक पिल्बीम नावाचा विधुर खोगिरं शिवायचा. तो तिसऱ्यांदा चेहरा कापून घ्यायला बसला तेव्हा ती म्हणाली, "नाक बदललंय का रे तुझं?"

"नाक तेच आहे. म्हटलं, तेवढाच वेळ थांबतेस."

ती थांबली. लग्न झालं. एका हिवाळ्यात गावातले सगळे चेहरे कापून संपले आणि तिला घर खायला उठलं. टपालगाडीचं शिंग वाजलं की हातातलं टाकून ती दारात.

"जातेस का?" इनॉक विचारी.

"छे! गाडी बघतेय नुसती."

"गाडी बघायला टोपी घालावी लागते होय?"

वसंतात एका प्रवासी बाईनं घोडे बदलेपर्यंत चेहरा कापून मागितला. कपाळ झालं, तोच गाडीवानानं हाळी दिली. बाई गाडीत चढली. तिच्यामागून कात्री-कागद घेऊन केझायाही चढली.

इनॉक सुई घेऊन बाहेर धावला. "अगं, कुठे?"

"नाक राहिलंय!"

नाक पहिल्या चढापाशीच पुरं झालं. पण ती उतरली नाही. चाकं फिरत होती तोवर तिला मोकळा श्वास घेता येत होता. रात्री खाणावळीत मात्र चामड्याच्या वासावाचून झोप लागेना. इनॉक जेवला असेल का? तरी सकाळी ती पुढच्याच गाडीत बसली.

महिन्याभरानं परतली, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. इनॉकनं खोगिरावरची नजर काढली नाही.

"मोठं नाक होतं वाटतं."

ती हसली आणि हसता हसता रडली. त्यानं बाक सरकवून तिला जागा केली.

पुढे ती जात राहिली, येत राहिली. घरी असली की रस्ता, रस्त्यावर असली की घर. लोक इनॉकला टोमणे मारत, "बायकोचं वाऱ्याशी लग्न लावून दिलंयस का रे?" तो दोरा दातानं तोडी आणि पुढचा टाका घाली.

साठीच्या आसपास, टपालगाडीच्या वाटेवरल्या ओटलँड्स गावच्या खाणावळीत ती तापानं गेली. निरोप मिळताच इनॉक खटारा जोडून धावला. त्यानं मालकाला एकच विचारलं, "घरी येत होती, की लांब जात होती?"

मालक म्हणाला, "काय सांगू? दोन दिवस दोन्हीकडच्या गाड्या आल्या न्‌ गेल्या. प्रत्येक गाडीला टोपी घालून बाहेर यायची, आणि परत आत जायची."

इनॉक बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत होता. मग त्यानं तिला उचलून खटाऱ्यात ठेवलं आणि घोडे रॉसच्या वाटेला लावले.