मास्तरांचं गाव

कवळीवाल्याचा जन्म लोकांसाठी खोटे दात घडवण्यात गेला. पण जीव अडकला होता बोटभर उंचीच्या घरांत. त्याचा जिवलग मित्र मास्तर शाळेत इतिहास शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळायचा. सैनिक मास्तरचे, गाव कवळीवाल्याचं. घंटाघर, पूल, धान्याची वखार. छपरावरचं शेवाळ, धुराड्याची काजळी, झिजलेला उंबरठासुद्धा त्याने रंगवलेला.

बायको म्हणायची, "घराच्या भिंतींना पोपडे आलेत आणि तुम्ही काडेपेटीएवढ्या भिंती रंगवत बसा."

मोठं टेबल मास्तरकडे होतं, म्हणून गावही तिथंच राहायचं.

एक दिवस छातीत कळ आली आणि मास्तर गेला. आठवड्याने कवळीवाला वहिनींना भेटायला गेला. टेबल रिकामं होतं.

"त्या लढाया खेळणाऱ्यांच्या क्लबला दिलं सगळं," मास्तरची सून म्हणाली. "काचेच्या कपाटात ठेवलंय, वर पाटी लावलीय, 'मास्तरांचं गाव'. शाळा सुटली की वर्गातच रंगवत बसायचे ना बाबा. घरात रंगाचा वास नको, म्हणायचे."

वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "मला कधी दोन गोड शब्द मिळाले नाहीत, भावजी. पण हातात कला होती हो. तुम्ही तर त्यांना रंगवताना पाहिलंय."

"हो," तो म्हणाला. "पाहिलंय."

निघताना सुनेने सासऱ्याच्या ब्रशांची डबी आठवण म्हणून हातात ठेवली. रस्त्यात त्याने ती उघडली. एकाही ब्रशला रंग लागला नव्हता. टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्यासुद्धा निघालेल्या नव्हत्या.

"अहो, तोंडावर सांगायचं होतं खरं काय ते," घरी सगळं ऐकून बायको भडकली.

"कुणाच्या तोंडावर? वहिनींच्या?"



आठवडाभर तो मास्तरसाठी रडला होता. आता रडू येईना आणि भांडायला समोर माणूस नव्हता. सगळ्या आठवणी नासल्या. मास्तर एखादं घर हातात घेऊन किती वेळ निरखायचा. ते कौतुक होतं की घोकंपट्टी, तेही कळेना.

एकदा तो क्लबात जाऊन आला. कपाटासमोर कुणीतरी पाहुण्यांना सांगत होतं, "हे सगळं एकाच माणसाने केलंय बरं का."

"तेवढं मात्र खरं आहे," कवळीवाला म्हणाला आणि बाहेर पडला. त्यानंतर त्याने कुठलंही घर रंगवलं नाही.