व्हर्लीनच्या घराचं वर गेलेलं नाक

व्हर्लीन स्टॅकपोल जन्मभर शाळेतल्या पोरांना जेवण वाढत आली, त्यामुळे ताटातलं काय कुठे वाहतंय यावर तिची नजर पक्की. नवरा डॉइल मात्र जेवताना खिडकीबाहेरचा आपला ट्रक बघत बसायचा. तो ट्रक त्यानं इतका उंच करून घेतला होता की चढताना व्हर्लीन देवाचं नाव घेई आणि उतरताना डॉइलचं, तेही प्रेमानं नव्हे.

ट्रकच्या पाठीवर मान टेकवून त्यांचं फिरतं घर मागून चाले. ट्रक उंच, म्हणून घराचं नाक वर, शेपूट खाली, आणि सगळा भार मागच्या चाकांवर. गेल्या उन्हाळ्यात घाटातच मागचा टायर फुटला. असल्या कलत्या घराबरोबर पुन्हा डोंगर चढायचा नाही, असं व्हर्लीननं तेव्हाच ठरवलं. पण यंदा डोंगरापलीकडे, मिझुलाला, तिची थोरली बहीण आर्डिथ ऐंशीची होणार होती. न जाऊन कसं चालेल?

तिनं विषय काढला की डॉइल बुडबुड्याकडे बोट दाखवी. घर सपाट आहे का ते कळावं म्हणून त्यानं बाहेरच्या अंगाला पाणसळीची, आत हवेचा बुडबुडा असलेली छोटी नळी चिकटवली होती. चिकटवली तेव्हा घर ट्रकला जोडलेलं, नाक वर. झालं, त्या दिवसापासून घर कललं की बुडबुडा खुशाल मधोमध. मुक्कामाला ट्रक सोडवला तरी डॉइल बुडबुड्याच्या मर्जीनं घराचे पुढचे पाय उंच करी. व्हर्लीनचा केक एकाच कुशीला फुगे.

शेजाऱ्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण फिरती घरं मुक्कामाला थांबत त्या नदीकाठच्या तळावर एक रीत होती. कुणी घर लावायला घेतलं की सगळे पुरुष खिशात हात घालून सल्ले द्यायला जमत. एकदा का घरमालक ‘झालं सपाट’ म्हणाला, की पुढे चकार शब्द काढायचा नाही. बायकोच्या वजनाबद्दल बोलावं तितकं ते वाईट.

मग व्हर्लीननं शेजारच्या मर्ल आणि लोवेलला दुपारी सूप प्यायला बोलावलं. दोघांना मागच्या भिंतीकडे बसवलं, डॉइलला समोर. बशा काठोकाठ भरल्या, आणि मटार मुद्दाम सुटे वाढले.

मर्ल सभ्य माणूस. पहिला ओघळ त्यानं पावानं टिपला, दुसरा बाहीनं. लोवेल मांडीवर आलेले मटार गुपचूप तोंडात टाकत होता. शेवटी डॉइलच्या बशीतलंही टेबलावरून निघून मर्लच्या पँटवर पोचलं.

“डॉइल,” मर्ल म्हणाला, “माझं मी पितोय रे, पण तुझंही मलाच?”

“जमीन खचली असेल,” डॉइल म्हणाला.

“मग बुडबुडा कसा नाही हलला?” व्हर्लीननं अगदी भोळेपणानं विचारलं आणि आणखी सूप वाढायला पळी उचलली.

मर्लनं बशीवर हात धरला. लोवेल उठून आपली लांब पाणसळ घेऊन आला. तिघं बाहेर गेले, बराच वेळ ओणवे होऊन बघत राहिले. लोवेल ट्रक खाली करण्याचं बोलू लागला तसा डॉइलचा चेहरा उतरला. व्हर्लीननं दारातूनच सांगितलं की ट्रकला कुणी हात लावायचा नाही, घर उचला. डॉइलनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मर्लच्या ओळखीच्या मिस्त्रीनं चाकांचे आस स्प्रिंगच्या कमानपाट्यांच्या वरून काढून खालून बसवले, तसं घर चाकांवर उंच झालं. शेपूट टीचभर वर आली. जोडलेलं घर ट्रकमागे सरळ उभं राहिलं, आणि डॉइलनं आपल्या हातानं ती नळी उखडून नव्यानं चिकटवली.

घाट निर्विघ्न पार पडला. माथ्यावर कॉफीसाठी थांबले तेव्हा व्हर्लीन घराच्या दाराशी गेली आणि उभीच राहिली. पहिली पायरी आता तिच्या गुडघ्याच्या वर होती.

“ट्रक खाली करण्याचं आता बोलायचं,” तिनं विचारलं, “की आर्डिथकडे पोचल्यावर?”

डॉइलनं तिला मागून ढकलून आत चढवलं, आणि कॉफीही त्यानंच केली.