दोनशे टक्के

रोज निस्तरावी लागली की कुठल्याही गोष्टीचे किस्से साठतात. माझ्या मैत्रिणींकडे सासरचे आहेत, माझ्याकडे स्क्रीनवरची अक्षरं लहान-मोठी करण्याचे. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. तिथे मशीनचे सुटे भाग बनतात. मालकीणबाई मूळच्या निपाणीच्या, पण इथल्या रिवाजाने सगळे त्यांना अक्का म्हणतात. लायसन्सच्या कटकटीला कंटाळून त्यांनी ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर लिनक्स टाकायला लावलं आणि त्याच सुमारास नवे फोर-के मॉनिटर आणले. चित्र झकास, अक्षरं मुंगीएवढी. तिथून माझे दिवस फिरले.

*

पहिला बळी प्रकाश. हा इन्स्पेक्शनला बसतो, तयार माल तपासतो. त्याला मी दीडशे टक्के स्केलिंग करून दिलं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं दीडपट मोठं. बाकी सगळं छान दिसायला लागलं, पण ड्रॉइंग बघायचं त्याचं जुनं सॉफ्टवेअर दीडशेवर अक्षरं पुसट दाखवतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने बघते तर हा लेथच्या कूलंट तेलाचा वास मारणाऱ्या फडक्याने नवाकोरा स्क्रीन घासतोय! त्याला समजावलं की हा डाग नाही, सेटिंग आहे.

"मग सेटिंग पूस," म्हणाला.

*

दीडशेवर जमेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या मशीनवर दोनशे टक्के करून टाकलं. अक्षरं स्वच्छ झाली. मी खुशीत डबा उघडला.

आता प्रकाशची एक सवय सांगायला हवी. व्हर्निअरने मोजायच्या आधी तो वॉशर सरळ स्क्रीनला टेकवतो आणि ड्रॉइंगमधल्या वॉशरशी जुळतोय का बघतो. एक नजर टाकलेली बरी, असं त्याचं म्हणणं. सुट्टीनंतर त्याने वॉशर टेकवला, तर स्क्रीनवरचा वॉशर चांगलाच मोठा! त्याने अख्ख्या ट्रेला नापासाचा लाल टॅग लावला आणि लेथवाल्यांशी भांडायला गेला. मी धावत पोचले तेव्हा तो सगळ्यांना ओरडून सांगत होता, "सकाळी बरोबर होते. जेवून येईपर्यंत आटले!"

*

अक्कांना यातल्या कशाचाच त्रास नव्हता. त्यांच्या मशीनवर शंभर टक्के, म्हणजे तीच मुंगी अक्षरं, आणि त्या खुर्चीला टेकून आरामात वाचायच्या. साठी जवळ आलीय, पण नजर घारीची. माझ्याही स्क्रीनवर तेव्हा शंभरच होतं, कारण स्क्रीनवर काय चाललंय ते बाकीच्यांना दिसू नये, हा माझा साधा हिशोब. एकदा मी कोपऱ्यात चॅटची छोटी खिडकी उघडून बसले होते. अक्का दारात आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "जेवले म्हणून सांग की आईला. दोनदा विचारलंय त्यांनी."

त्या दिवसापासून ऑफिसात मी आईशी फोनवरच बोलते.

*

आणि शिंदे अण्णा. यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. मराठी बोलतात, पण दर वाक्यात एखादा कन्नड शब्द. ड्रॉइंग तपासणं हे त्यांचं काम. त्यांची सही झाल्याशिवाय एकही ड्रॉइंग मशीनवर जात नाही आणि त्या सहीचा त्यांना भारी अभिमान.

एक दिवस हळूच माझ्याजवळ आले. "पूर्वा, स्वल्प मोठं कर गं. आणि कुणाला सांगू नको." स्वल्प म्हणजे थोडंसं. मी सव्वाशे केलं, दीडशे केलं. ते नुसते मान हलवत राहिले. शेवटी दोनशेवर थांबले. मोतीबिंदू होता. ऑपरेशनच्या नावाने त्यांना घाम फुटायचा आणि त्याहून जास्त भीती सही जाण्याची. डोळ्यांचं बाहेर फुटलं की सही दुसऱ्याकडे जाईल आणि आपल्याला स्टोअरमध्ये बसवतील, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मला वाईट वाटलं, कुणाला सांगणार नाही म्हणून कबूल केलं. आकडे वाचताना ते चुकत नाहीत ना, ही धास्ती मात्र मलाही होती.

अण्णांनी युक्ती काढली. सेटिंगची खिडकी कायम उघडी. अक्कांच्या चपला वाजल्या की शंभर, त्या गेल्या की पुन्हा दोनशे.

*

युक्तीत एकच खोट होती. स्केलिंग बदललं की मशीन विचारतं, हा बदल ठेवायचा का? काही सेकंदांत हो म्हटलं नाही, तर ते आपलं आपण जुन्यावर जातं. एरवी जिन्यावरच चपला ऐकू यायच्या आणि चाचपडत का होईना, अण्णांचं बटण सापडायचं. त्या दिवशी अक्का बाजूच्याच खोलीतून आल्या.

अण्णांनी घाईने शंभर केलं. प्रश्नाची चौकट आली, तीही मुंगी अक्षरांत. बटण कुठे आहे ते त्यांना दिसेना. अक्का येऊन मागे उभ्या राहिल्या, अण्णा माउस फिरवत राहिले आणि सगळ्यांच्या देखत स्क्रीन पुन्हा दोनशेवर गेला.

अक्कांनी ऑर्डरचं काहीतरी विचारलं आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. उद्यापासून ऑफिसातल्या प्रत्येक स्क्रीनवर दोनशे टक्के कर म्हणाल्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मला लांबून दिसत नाही गं आताशा."

मग ड्रॉइंगच्या खोलीत गेल्या आणि अण्णांना म्हणाल्या की डोळे दाखवायला जायचंय, एकटीला भीती वाटते, सोबत चला. अण्णा लगेच तयार झाले.

सोमवारी अण्णा डोळ्यांच्या दवाखान्यातून जरा उशिरा आले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात महिनाअखेरच्या रजेचा अर्ज. माझ्या टेबलापाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्कांचे डोळे चांगले आहेत गं. उगाच भ्याल्या होत्या बिचाऱ्या."