पाल्मिराचा पहिला घास

लग्न होऊन पाल्मिरा आमच्या गावात आली, त्या दिवशी तिने जेवायला ताटली मागितली आणि सगळं घर पोट धरून हसलं. ती समुद्राकाठची, कोळ्याची पोर. तिच्या माहेरी प्रत्येकाला आपापली खोलगट ताटली आणि त्यात माशांचा लालभडक रस्सा. आमच्या डोंगरात हिवाळ्यात ताटल्या काढतो कोण? टेबलाएवढा लाकडी पाट मांडायचा, कढईतली वाफाळती पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, त्यावर सरळ ओतायची, वर टोमॅटोचा दाट रस्सा आणि डुकराची सॉसेज सगळी बरोबर मधोमध. मग ज्याने त्याने आपल्या काठापासून खात खात मध्यापर्यंत जायचं. जो हावरट तो आधी पोचतो.

"ताटली नाही, चमचा आहे," तिचा नवरा बेरार्दिनो म्हणाला. "खणत ये. मधे भेटू."

मी शेजारीच बसले होते. मध्यापर्यंत पोचल्यावर त्याने सगळ्यात जाड सॉसेज चमच्याने हळूच तिच्या बाजूला ढकललं, ते मी या डोळ्यांनी बघितलं. आमच्याकडचे पुरुष असलं काही करत नाहीत. माझ्या नवऱ्याने तर उभ्या जन्मात केलं नाही.

मी एर्सीलिया. गावातली एकुलती एक खानावळ माझी, आणि माझी मागची भिंत तीच पाल्मिराचीही मागची. त्यामुळे तिच्या घरात काय शिजतं हे मला वासावरूनच कळायचं. पहिल्या वर्षी नुसता करपल्याचा वास. मी जाऊन ओरडायचे, "अगं, पोलेंता ढवळायची असते, तिच्याकडे बघत बसायचं नसतं!" ती म्हणायची, "मावशी, हात गळून पडला माझा." पण शिकली. मेंढीचं मटण तिच्याच चरबीत तास न् तास कसं मुरवायचं, हे पुढे माझ्यापेक्षा तिला छान जमायला लागलं. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. मूल काही झालं नाही. घरात तिघंच: ती, बेरार्दिनो आणि सासरा पान्फिलोकाका. म्हातारा एक नंबरचा हेकट. पण सुनेच्या हातचं जेवल्यावर बोटं चाटायचा आणि वर म्हणायचा, "मीठ कमी."

बेरार्दिनो थंडीच्या दिवसांत गावोगाव फिरून डुकरं मारायचा, सॉसेज भरायचा, मांस मिठात घालून द्यायचा. ज्या घरचं डुक्कर त्या घरी जेवण. त्याला जेवल्याशिवाय जाऊ देणं म्हणजे घराची नाचक्की. तमालपत्र लावून भाजलेलं काळीज, तळलेली चरबी, वर घरची वाइन, आणि हा गडी एकाच दिवसात तीन घरी तेवढ्याच चवीने जेवायचा. मायेल्ला डोंगराच्या कुशीतल्या सगळ्या गावांत त्याला जेवू घालायला बायकांची चढाओढ लागायची.

त्या जानेवारीत तो खिंडीपलीकडच्या गावाला गेला. परत निघाला तेव्हा आभाळ शिशासारखं झालं होतं. तिथल्या यजमानाने पुष्कळ सांगितलं, राहा म्हणून. हा म्हणाला, "बायको पोलेंता टाकून बसली असेल." खिंडीत त्याला वादळाने गाठलं.

आमचे पुरुष शोधायला गेले. बर्फ कमरेच्या वर. एका कड्याच्या टोकाला त्याच्या सुऱ्यांची चामड्याची गुंडाळी सापडली. खाली दरी, आणि दरी बर्फाने तोंडापर्यंत भरलेली. बर्फ वितळेपर्यंत आता काही करता येत नाही, असं म्हणून ते खाली मान घालून परतले. सुऱ्या त्यांनी पाल्मिराच्या हातात दिल्या. तिने त्या पुसल्या, तेल लावलं, खिळ्याला टांगल्या. "गंजल्या तर आल्यावर मला शिव्या देईल," ती म्हणाली.

चर्चची घंटा वाजली. घंटा वाजली की आमच्याकडे पुढचं ठरलेलं असतं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरची चूल पेटत नाही. शेजारणी पाळीपाळीने कडू घास घेऊन जातात. कडू नुसतं म्हणायला. दुःखाच्या घरी पातळ पेज नेली तर गाव थुंकेल. आम्ही भरभक्कम नेतो. नेणारीनेच वाढायचं, घरच्यांनी जागचं उठायचं नाही. पहिला घास सगळ्यात जवळच्या माणसाने घ्यायचा. लग्न झालेला असेल तर बायकोने. तिने घास घेतला की बाकीच्यांनी जेवायचं, आणि मग घर मोकळेपणाने रडतं. त्याच्या आधी नाही.

पहिली पाळी माझी. मी कोंबडीचं सूप केलं, आत बोराएवढे मटणाचे गोळे. पातळ धिरड्यांचे थर लावून चीज आणि खिमा भरला, भट्टीत भाजला. मेंढीचं मटण केलं. सगळं पांढऱ्या फडक्यात बांधून दाराशी गेले, तर धुराड्यातून धूर!

पाल्मिरा दारात आली. हातात ढवळायची काठी, कोपरापर्यंत मक्याचं पीठ.

"कोण गेलंय मावशी? दार चुकलीस तू."

"पाल्मिरा..."

"आमच्याकडे स्वयंपाक झालाय," तिने दार लोटलं.

फटीतून मला पाट दिसला. पोलेंता तिघांची होती. तिने आपल्या बाजूची मध्यापर्यंत खाल्ली होती, नेटाने, गिळून गिळून. बेरार्दिनोची बाजू अख्खी, वर साय धरलेली. सासऱ्याची बाजूही अख्खी. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला बघून मोठ्याने म्हणाला, "ज्या घरातलं माझं पोर गेलं, त्या घरच्या चुलीवरचं मी खाणार नाही. सांग तिला."

"ताता, पोर गेलेलं नाही," ती सासऱ्याला म्हणाली.

झालं. हिने चूल विझवायची नाही आणि त्याने त्या चुलीवरचं तोंडात घालायचं नाही. रोज कुणी ना कुणी टोपलं घेऊन जायची आणि तसंच घेऊन परत यायची. गावातल्या बायकांची तोंडं काय, सुटलीच. "समुद्राकडची ती, तिला काय रीतभात!" एक म्हणाली. मी तिला म्हटलं, "तुझा नवरा दरीत पडू दे, मग तुझी रीतभात बघू." त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली, बरं झालं. पाद्री तिला समजवायला गेला, देवाची इच्छा वगैरे बोलला. पाल्मिरा म्हणाली, "इच्छा असेल तर देवाने मला तो दाखवावा. मी लगेच चूल विझवते."

म्हातारा नुसत्या पाणी घातलेल्या वाइनवर होता. एकदा ती विहिरीवर गेल्याचं पाहून मी वाटीभर सूप घेऊन आत शिरले. "काका, दोन चमचे. कुणाला कळणार नाही." त्याने ओठ मिटून घेतले. गालफडं आत गेली होती, हात काटकीसारखे. "सुनेच्या आधी?" तो म्हणाला. "माझ्या पोराचा कडू घास मी चोरून खाऊ?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. ती आल्यावर मी तिला अंगणातच गाठलं. "तुझ्या हट्टापायी म्हातारा मरेल! एक गेला, आता दुसऱ्याला घालवतेस?"

तिने बादली खाली ठेवली. "मावशी, मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "बाबाची होडी आली नव्हती. शेजारणींनी जेवण आणलं. आई खात नव्हती. मला भूक लागली होती, मी तिला म्हटलं, आई, खा ना, म्हणजे मला मिळेल. तिने खाल्लं. बाबा आला नाही. कोण जाणे, तिने आणखी थोडं थांबायला हवं होतं."

"अगं, सूप खाल्ल्याने कुणी बुडतं का?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी वेडी नाही. मला सगळं माहीत आहे. कड्यावर सुऱ्या सापडल्या म्हणजे काय, ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हा सगळ्यांना? पण मी तो घास घेतला की तो माझ्यासाठी मेला. आत्ता फक्त उशीर झालाय त्याला. तेवढं राहू दे ना मला."

मी तिची बादली उचलून तिच्या दारापर्यंत नेली आणि घरी आले.

दोन दिवसांनी म्हातारा खुर्चीवरून घसरला. आवाज ऐकून मी धावले. आम्ही दोघींनी त्याला उचलून पलंगावर ठेवलं. वजन म्हणून काही उरलं नव्हतं. पाल्मिरा चमच्यात पोलेंता घेऊन त्याच्या तोंडाशी धरत होती, "ताता, खा, माझ्यासाठी खा, मीठ कमी आहे म्हण, काहीही म्हण, पण खा," आणि तो मान फिरवत होता. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात हेका नव्हता. तिचं मनगट धरून तो म्हणाला, "बाई, मला माझ्या पोरासाठी रडू दे. मी मेलो तर त्याच्यासाठी रडणारं माझ्या रक्ताचं कुणी उरत नाही."

चमच्यातली पोलेंता थिजली. मग ती उठली, पाण्याची घागर उचलली आणि सगळी चुलीत ओतली. खोलीभर राख उडाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, आण."

त्या दिवशी पाळी माझी नव्हती, पण खानावळीत सूप उकळत होतं आणि मटण तयार होतं. मी पळत गेले, पळत आले. म्हाताऱ्याला उशा लावून बसवलं, टेबल पलंगाजवळ ओढलं. दोन ताटल्या मांडल्या, वाढलं. तो तिच्याकडे बघत होता. मीही बघत होते. तिने चमचा भरला. तो तोंडापर्यंत नेला आणि थांबली. दाराकडे कान लावून ऐकल्यासारखं केलं. बाहेर वारा होता, बाकी काही नाही.

तिने घास घेतला आणि गिळला.

म्हातारा इतक्या मोठ्याने रडला की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. मी त्याला भरवत होते आणि तो रडता रडता गिळत होता, सूप हनुवटीवरून ओघळत होतं, आणि तो पोराला हाका मारत होता. पाल्मिरा रडली नाही. ती खात होती. सूप संपवलं, गोळे संपवले, मटण घेतलं, हाडं चोखली, ब्रेडने ताटली पुसून काढली आणि ताटली माझ्यापुढे केली.

"पुरे गं, पोट फुटेल," मी म्हटलं.

"मारलं मी त्याला, मावशी," ती म्हणाली. "वाढ."

मी वाढलं.